टपावर बांधलेला सर्फबोर्ड वाटेत पुन्हा पुन्हा सैल का पडतो?

पुण्यातून पहाटे निघताना बोर्ड असा आवळलेला असतो की तो हलवला तर अख्खी गाडी हलते. कराडच्या आसपास चहाला थांबलं की पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात. पुन्हा ओढून बांधला, तरी आंबोली घाट उतरून सावंतवाडीला पोचेपर्यंत बोर्ड वीतभर मागे सरकलेला असतो. मग राग पट्ट्यावर निघतो. पाय टायरला रोवून ओढाओढ होते, आणि गोव्यातल्या अश्वेच्या किनाऱ्यावर बॅग उघडली की बोर्डाच्या दोन्ही कडांवर पट्ट्याच्या रुंदीचे खळगे दिसतात.

हा दोष बांधणाऱ्याच्या ताकदीचा क्वचितच असतो. सहा फुटी बोर्ड तीन-साडेतीन किलोचा, नऊ फुटी लाँगबोर्ड सहा ते आठ किलोचा. एवढं वजन टपाला काहीच नाही. त्रास देतो तो वारा, आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी ११० ने गेलात तर बोर्डावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. या जोरापुढे पट्टा कुठून ढिला पडतो ते शोधायचं आहे. कारण न शोधता आवळत राहिलं की पट्ट्याआधी बोर्ड हार मानतो.

आधी दोन खुणा करा

बोर्ड नेहमीसारखा बांधा. पट्टा बकलातून जिथे बाहेर पडतो, नेमकं तिथे पट्ट्यावर मार्करने आडवी रेघ मारा. दुसरी खूण बोर्डावर किंवा बॅगवर: टपावर बोर्ड ज्यांवर टेकतो त्यातल्या पुढच्या आडव्या दांडीच्या सरळ रेषेत मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. पाच किलोमीटरवर थांबून बघा, आणि पुन्हा वीसवर. चार शक्यता आहेत. पट्ट्यावरची रेघ बकलापासून सरकली असेल तर बकल पकडत नाही. रेघ जागेवर, टेपही जागेवर, पण दोन्ही पट्टे ढिले, तर काहीतरी दबतंय किंवा ताणतंय. टेप सरकली असेल तर बोर्ड घसरतोय. आणि दोन्ही खुणा जागेवर असून बोर्ड तिरका दिसत असेल, तर दांड्याच सरकल्या आहेत.

टेप लावायला विसरलात तरी पट्टे स्वतः सांगतात. बोर्ड मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि दांड्या साधारण रुंद भागाच्या पुढे-मागे येतात. बोर्ड मागे सरकला की पुढच्या पट्ट्याखाली अरुंद भाग येतो आणि मागच्याखाली रुंद. म्हणून पुढचा सैल आणि मागचा टाइट असेल, तर बोर्ड मागे गेलाय, म्हणजे वाऱ्याचं काम. मागचा सैल आणि पुढचा टाइट असेल, तर तो घाट उतरताना ब्रेकने पुढे आलाय. अशा वेळी फक्त सैल पट्टा ओढून पुढे निघणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. बोर्ड चुकीच्या जागीच पक्का होतो, आणि पुढच्या तासाभरात आणखी सरकतो. दोन्ही पट्टे सोडा, बोर्ड मूळ जागी आणा, मगच बांधा.

बकल सरकतंय

सर्फबोर्डाला २५ मिलिमीटर रुंदीचा पट्टा आणि अंगठ्याने दाबायचं दातेरी कॅम बकल हीच योग्य जोडी. त्याच्या स्प्रिंगमध्ये वाळू आणि मिठाचे खडे बसले की दाते पूर्ण बंद होत नाहीत. हाताने ओढून बघताना पकड बरी वाटते, पण रस्त्याच्या कंपनांत पट्टा मिलिमीटर मिलिमीटरने निसटत राहतो. बकल गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने दाते घासा, वाळवा आणि खिळीवर सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा द्या. दात्यांवर आणि पट्ट्यावर काहीही लागता कामा नये. इंजिन ऑइल तर नकोच, त्यात वाळू आणखी चिकटते.

पट्टा उलटा ओवला जाणं हे दुसरं कारण, अंधारात बांधताना हमखास होणारं. पट्टा बकलाच्या खालच्या बाजूने वर, दात्यांच्या आणि तळपट्टीच्या फटीतून यायला हवा, म्हणजे ताण आला की दाते आणखी मिटतात. ओवून झाल्यावर भार येणारी बाजू एक हिसका देऊन बघा. हिसक्यासरशी पकड वाढली पाहिजे.

बकलाची जागाही बघा. ते दांडीला टेकलं तर खड्ड्यात अंगठ्याची कळ दांडीवर दाबली जाते आणि बकल आपोआप उघडतं. ते बोर्डाच्या कडेला, दांडीपासून चार बोटं वर असावं, आणि त्याखाली रबराचा किंवा जुन्या वेटसूटचा (पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाचा) तुकडा असावा. उरलेलं शेपूट वाऱ्यात फडफडतं तेव्हा दर फडफडीला कॅमला बारीक झटका बसतो. म्हणून शेपटाची बकलाला लागून एक सुरगाठ मारा आणि बाकीचं पट्ट्याभोवती गुंडाळा. सुरगाठच, निरगाठ पावसात भिजली की सोडवताना नखं जातात.

दोन्ही पट्टे एकदम ढिले

पावसाळ्यात हे होत असेल तर पट्टा नायलॉनचा आहे असं धरून चाला. नायलॉन पाणी पितं आणि लांबतं; पॉलिएस्टर जवळजवळ नाही. ट्रेकिंगच्या दुकानातली गिर्यारोहणाची टेप बहुधा नायलॉनची असते. मजबुती भरपूर, पण या कामाला चुकीची. पारख सोपी आहे: घरीच बोर्ड बांधा, पट्ट्यावर दोन मग पाणी ओता, पंधरा मिनिटांनी बोट घालून बघा. स्वस्त बॅगांना लावतात तो पॉलिप्रॉपिलीनचा पट्टा पाण्याने लांबत नाही, पण कोकणच्या उन्हात त्याचे तंतू लवकर ठिसूळ होतात.

कोरड्या हवेतही ढिलं पडत असेल तर दांडीवरचा फोम तपासा. अंथरुणातला स्पंज, गुंडाळलेला टॉवेल, दुमडलेली योगा मॅट, हे सगळं भाराखाली तासाभर दबत राहतं आणि तेवढीच ढिलाई पट्ट्यात येते. चांगला आणि कुठेही मिळणारा पर्याय म्हणजे एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा नळीफोम, १३ किंवा १९ मिलिमीटर जाडीचा. दांडीच्या मापाचा घ्यावा, लांबीत एक चीर देऊन चढवावा, चीर खाली ठेवावी आणि टोकांना केबल टाय लावावा. पोहण्याच्या तलावातले रंगीत नूडलही चालतात, पण ते मोसमभरात चपटे होतात.

पॅड असलेल्या बॅगमध्ये हवा अडकते. चेन लावण्याआधी बॅग हाताने दाबून हवा काढा. बॅग बोर्डापेक्षा फूटभर मोठी असेल तर बॅग जागेवर राहते आणि आतला बोर्ड सरकतो. बाहेरची टेप काहीच सांगत नाही आणि माणूस चक्रावतो. जास्तीचं टोक दुमडून पट्ट्याखाली घ्या.

फोम कितीही चांगला असला तरी थोडा बसतोच. म्हणून बांधून झाल्यावर लगेच निघू नका. बाकीचं सामान भरा, टायरची हवा बघा, दहा मिनिटांनी दोन्ही पट्टे पुन्हा ओढा. नंतर पाच किलोमीटरवर एकदा. त्यानंतरही दर थांब्याला ओढावं लागत असेल तर दोष वेगळा आहे.

दांड्या नसलेल्या छोट्या गाडीवर दारातून पट्टा घेऊन बांधायचे मऊ पॅड वापरत असाल, तर ढिलाईत दाराच्या रबराचाही वाटा असतो. पॅड टपाच्या मधोमध न ठेवता दाराच्या कडेजवळ ठेवा. तिथे खाली चौकटीचा आधार असतो, मधला पत्रा नुसता दबतो. चारही दारं उघडून पट्टे आतून घ्या, खिडकीतून नाही, नाहीतर दार उघडणार नाही. फुगवायचे पॅड पहाटेच्या गारव्यात तट्ट भरले तर दुपारी उन्हात आणखी फुगतात आणि रात्री मऊ पडतात. गाडीत पडद्यासारख्या उघडणाऱ्या बाजूच्या एअरबॅग असतील तर दारातला पट्टा त्यांच्या वाटेत येतो. गाडीचं मॅन्युअल बघून ठरवा. अशा गाडीला पक्क्या दांड्याच बऱ्या.

याच पट्ट्यावरून पावसाचं पाणी वातीसारखं आत उतरतं आणि सीट भिजते. दाराच्या बाहेर, पट्ट्याच्या सर्वात खालच्या जागी सुतळीचा चार बोटं लोंबता तुकडा बांधा. बरंचसं पाणी सुतळीवरून बाहेरच ठिबकतं.

बोर्ड घसरतोय

इथे सगळ्यात जास्त चुका होतात.

पहिली बोर्डाच्या दिशेची. डेक, म्हणजे ज्यावर उभं राहतात ती बाजू, खाली आणि तळ वर, यावर फारसा वाद नाही. डेक खाली ठेवला की बोर्डाची वळलेली टोकं गाडीकडे झुकतात आणि वारा त्यांना वर उचलण्याऐवजी खाली दाबतो. डेक वर ठेवला तर वर वळलेलं नाक होडीच्या नाळेसारखं वारा अंगावर घेतं. शेपूट पुढे आणि नाक मागे ठेवणं छोट्या बोर्डांना चांगलं: फिन (तळाला शेपटाजवळ असलेली पाती) पुढच्या पट्ट्याच्या पुढे उभे राहतात, आणि बोर्ड मागे सरकू लागला तर पट्ट्यालाच अडतात. छोटे तीन फिन बोटभर उंचीचेच असतात, ते राहू द्या. लाँगबोर्डचा मोठा मधला फिन मात्र काढाच. वाडीतल्या आंब्याची एक खाली आलेली फांदी तो खोबणीसकट उपटू शकते. नाक मागे ठेवलं की डिकीचं दार उघडून बघायला विसरू नका. बऱ्याच हॅचबॅकमध्ये ते नाकाला लागेल.

दुसरी चूक दांड्यांमधल्या अंतराची. ७५ ते ९० सेंटिमीटर चांगलं, ६० च्या खाली जाऊ नका. नऊ फुटी बोर्ड २७४ सेंटिमीटरचा असतो. दांड्या ७५ वर असल्या तर दोन्ही बाजूंना मीटरभर बोर्ड अधांतरी राहतो. टोकाला थोडासा उचल मिळाला तरी तरफेसारखा तो पट्ट्यावर कितीतरी मोठा होऊन येतो.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची चूक पट्ट्याच्या वाटेची. बरेच जण पट्टा दांडीच्या टोकांना बांधतात. मग तो तंबूच्या दोरीसारखा तिरका येतो आणि बोर्डाला बाजूला सरकायला मोकळी जागा मिळते. पट्टा बोर्डाच्या कडेला अगदी चिकटून दांडीखाली गेला पाहिजे. बकल डाव्या कडेला ठेवून पट्टा बोर्डावरून उजवीकडे न्या, उजव्या कडेलगत दांडीखालून घ्या, पुन्हा बोर्डावरून डावीकडे आणा, डावीकडे दांडीखालून काढून बकलात ओवा. दोन फेऱ्यांनी घर्षण वाढतं आणि ताण कडेवर विभागला जातो. एका-दोन बोर्डांना ३ ते ३.६ मीटरचा पट्टा पुरतो, तिघांना ४.५ मीटर लागतो. तीनच्या वर थर लावू नये. सगळ्यात लांब बोर्ड तळाला, आणि प्रत्येक दोघांत टॉवेल नाही तर फोम.

चौथं कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: वॅक्स. पाय घसरू नये म्हणून डेकवर लावलेलं वॅक्स सकाळी फोमला चिकटतं आणि पकड वाढवतं. एप्रिल-मेच्या दुपारी तेच पातळ होऊन वंगणाचं काम करतं. सकाळच्या खुणा जागेवर आणि दुपारच्या थांब्यानंतर बोर्ड घसरला असेल, तर गुन्हेगार हाच. लांबच्या प्रवासाआधी वॅक्स खरवडून काढा किंवा बोर्ड बॅगेत घाला. बॅग शक्यतो चंदेरी असावी. काळ्या बॅगेत ईपीएस फोमचा (थर्माकोलच्या जातीचा) बोर्ड उन्हात ठेवला तर आतली हवा प्रसरण पावून वरची कातडी सुटू शकते. ढाब्यावर गाडी सावलीत लावणं हाही या दुरुस्तीचाच भाग समजा.

आठ फुटांवरचा बोर्ड असेल किंवा सतत ८० च्या वर जायचं असेल, तर पुढून एक दोरी हवीच. बॉनेटखाली मडगार्डच्या दोन्ही बाजूंच्या बोल्टमध्ये २५ मिलिमीटर पट्ट्याचे छोटे फास वॉशर घालून बसवा. भोक तापलेल्या खिळ्याने पाडा, म्हणजे धागे उसवत नाहीत. एका फासातून दोरी वर घ्या, टोकापासून दोन फूट मागे बोर्डाला एक पूर्ण वेढा द्या, आणि दुसऱ्या फासात ट्रकवाले ताडपत्रीला मारतात ती ओढगाठ मारा. उलट्या व्ही आकाराची ही दोरी टोकाला फक्त वर उठू देत नाही. ती ताणायची नाही. टोक खाली ओढलंत तर बोर्ड पुढच्या दांडीवर वाकतो आणि नेमका तिथेच तडकतो. दोरी लोंबत नाही आणि वाजतही नाही, एवढंच पुरे.

हुकवाली रबरी बंजी या कामात कुठेच वापरू नका. लडाखच्या बुलेटवर सॅक बांधायला ती ठीक आहे. टपावर मात्र वाऱ्याने बोर्ड उचलला की ती आनंदाने लांबते, आणि सुटली तर हुक डोळ्याच्या उंचीवर येतो.

दांड्याच सरकल्या

अनेक गाड्यांच्या टपावरच्या रुपेरी रेल निव्वळ शोभेच्या असतात, चिकटवलेल्या. त्यांना दांड्या लावू नका. मॅन्युअलमध्ये टपावरच्या भाराचा आकडा दिलेला नसेल तर त्या शोभेच्याच समजा. खऱ्या रेल असतील तर दर मोठ्या प्रवासाआधी चारही पायांचे बोल्ट तपासा.

गॅरेजात बनवून घेतलेला चौकोनी पाइपचा कॅरिअर असेल तर त्याच्या कडा पट्टा कापतात. वेल्डिंगचे टोचे कानशीने घासून टाका. कडेने कठडा असलेल्या सामानाच्या कॅरिअरवर बोर्डाची कड कठड्याला घासते. दोन लाकडी फळ्या आडव्या बांधून बोर्ड कठड्याच्या वर उचलून घ्या.

गुणगुण आणि घरघर

सपाट पट्टा वाऱ्यात कंप पावतो आणि टप ढोलासारखा घुमतो. पट्ट्याचा जो भाग हवेत आहे तिथे त्याला एक-दोन पीळ द्या. बोर्डाला टेकणारा भाग सपाटच ठेवा. रिकाम्या दांड्या शीळ घालत असतील तर त्यांच्याभोवती जाड दोरी मळसूत्रासारखी गुंडाळा. कारखान्याच्या उंच धुराड्यांवर गोल फिरत जाणाऱ्या पट्ट्या असतात, त्या याच कारणासाठी. नेहमीची गुणगुण अचानक बदलली तर गाडी बाजूला घ्या. आवाज बदलतो म्हणजे काहीतरी सरकलेलं असतं.

किती घट्ट

एका हाताने ओढून जेवढा होईल तेवढा. अंग टाकून नाही, आणि रॅचेटने (दांडा मागे-पुढे करून आवळायच्या बकलाने) तर नाहीच. रॅचेट हाताच्या कितीतरी पट ताण देतो आणि फायबरग्लासची कड तो सोसत नाही. टिचकी मारल्यावर पट्ट्यातून ‘ठप्प’ आवाज यावा. ‘टण्ण’ आला तर थोडा सैल करा. मग बोर्डाचं टोक धरून आडवं हलवा: गाडी हलली पाहिजे, बोर्ड गाडीवर हलता कामा नये. पोचल्यावर पट्ट्याखालच्या कडांवरून बोट फिरवा. केसासारखी चीर लागली तर पाण्यात जाण्याआधी ती बुजवा, नाहीतर फोम पाणी पितो.

वाटेतल्या वाऱ्याबद्दल थोडं. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर समोरून येणारी एसटी किंवा कंटेनर जवळून गेला की बोर्डाला एक धक्का बसतो, आणि झुवारी किंवा होन्नावरच्या शरावतीसारख्या खाडीपुलांवर आडवा वारा लागतो. सर्फिंगसाठी कर्नाटकातल्या मुल्कीला जाणाऱ्यांनी पूल आल्यावर वेग ६०-७० वर आणावा. बेसमेंट पार्किंगमध्ये शिरण्याआधी टपावर काय आहे ते आठवावं. उंचीची पाटी गाडीपुरती वाचायची सवय असते.

पोलिसांच्या प्रश्नाचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्यातल्या, २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४(१अ) नुसार सामान मर्यादेपलीकडे पुढे, मागे, बाजूला किंवा वर आलं तर २०,००० रुपये दंड आहे. नऊ फुटी बोर्डही चार मीटरच्या आतल्या गाडीपेक्षा आखूड असतो. तो मधोमध बांधला तर कुठूनही बाहेर डोकावत नाही.

परत आल्यावर पट्टे गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळत घाला. कडांना लव सुटली, रंग उडून पट्टा कडक झाला किंवा शिवणीचा एक जरी टाका तुटला, तर तो पट्टा बादली बांधायला ठेवा आणि बोर्डासाठी नवा आणा.